‘बोर्डच बदलावा लागेल’ : दुरुस्ती, वॉरंटी आणि कायदा

रेवा_सदाशिव
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तो लांबलाय, चहा घेऊन बसा.

आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन साडेपाच वर्षांचं. मार्चमध्ये सोसायटीच्या मीटर रूममध्ये न्यूट्रलची जोडणी ढिली होऊन ठिणग्या उडाल्या. आमच्या विंगमधले दोन टीव्ही, एक फ्रिज आणि आमचं मशीन एका झटक्यात गेलं. कंपनीत तक्रार नोंदवली (नाव देत नाही, मुद्दा तो नाही). तिसऱ्या दिवशी मुलगा आला. वरचं झाकण काढलं, बटण दोनदा दाबलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेला. बोर्डच बदलावा लागेल." ९,४०० रुपये, वर जीएसटी. मीटर बॅगेतून बाहेरही आला नव्हता. जुना बोर्ड मला द्याल का विचारलं, तर "तो कंपनीत जमा करावा लागतो." व्हिजिटचे ५९० देऊन त्याला वाटेला लावलं.

बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) काढून मी सरळ तपकीर गल्ली, म्हणजे पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठली. पहिल्या मजल्यावर एक काका बसतात. दुकानाला धड पाटीही नाही. बोर्ड प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसवलेला आणि वरून काचेसारखं रबर ओतलेलं, अगदी फ्रिजात राहिलेल्या जेलीसारखं. काकांनी त्यावर हळूहळू गरम हवा सोडली आणि बांबूच्या काडीने एका कोपऱ्यातलं रबर सोलायला घेतलं. सगळं नाही, फक्त वीज जिथून आत येते तेवढाच भाग. आत एक निळी चकती होती, मधोमध फुटून काळी पडलेली. त्यावर ४७१ लिहिलेलं. म्हणाले, "हा व्हेरिस्टर. ४७१ म्हणजे ४७० व्होल्ट. न्यूट्रल सुटला की घरात दोनशे तीसच्या जागी चारशेच्या आसपास यायला लागतात. हा स्वतः शॉर्ट होतो, फ्यूज उडवतो आणि मागच्यांना वाचवतो. दहा रुपयांचा आहे."

चकती, फ्यूज आणि पॉवर सप्लायची एक आयसी (चिप) बदलली. मग बोर्ड थेट प्लगला न लावता शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला. "पूर्ण पेटून राहिला असता तर अजून शॉर्ट आहे असं समजायचं." एकूण ११०० रुपये. मशीन घरी येऊन धडधडायला लागलं आणि मी आठवडाभर सगळ्यांना ही कथा सांगत फिरले.

आता खरी अडचण. ऑगस्टमध्ये ड्रम फिरेना, एरर यायला लागला. या मशीनच्या मोटरला दहा वर्षांची वॉरंटी आहे, म्हणून पुन्हा कंपनी. या वेळी दुसरा मुलगा. त्याने बोर्डवरचं सोललेलं रबर बघितलं आणि, "बाहेर उघडलंय. वॉरंटी व्हॉइड. मोटर बदलायची तर ७,८०० पडतील."

बोर्डला हात लावला म्हणून मोटरची वॉरंटी जाते? कायद्यात असं काही आहे का?

झंपी
कायद्याचं माहीत नाही, पण काकांचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. माझ्याकडे दोन बोर्ड, एक इंडक्शन आणि एक नवरा दुरुस्तीला आहे.

स्क्रूड्रायव्हर
मी सहा वर्षं एका फ्रँचायझीत टेक्निशियन होतो, आता सोडलं. त्या मुलाला शिव्या द्यायच्या आधी त्याची बाजू ऐका.

दिवसाला आठ-नऊ कॉल असतात. पगार नाममात्र, बाकी पैसे कॉलमागे. कॉल बंद झाल्याचा ओटीपी ग्राहकाकडून घेतला की मगच पैसे चढतात. बोर्ड बदलायला वीस मिनिटं लागतात. व्हेरिस्टर शोधून बदलायला दोन तास, वर तो बोर्ड महिन्याभरात परत आला तर ‘रिपीट कॉल’ माझ्या नावावर, म्हणजे पैसे कापले. मीटर बॅगेत असतो, वापरायला वेळ नसतो. आम्हाला ट्रेनिंगच ‘कुठलं युनिट बदलायचं’ याचं मिळतं, युनिटच्या आत काय आहे याचं नाही.

जुन्या पार्टचं म्हणाल तर वॉरंटीत बदललेला पार्ट खरंच परत पाठवावा लागतो, नाहीतर फ्रँचायझीला क्लेम मिळत नाही. तुम्ही पूर्ण पैसे मोजून नवा घेतलात तर जुना तुमचा. पण पोरांना दोन्हीकडे एकच वाक्य पाठ असतं.

आणि एक. काकांनी फ्यूज त्याच रेटिंगचा टाकलाय ना? मी फ्यूजच्या जागी सरळ तांब्याची तार डकवलेले बोर्ड बघितलेत. एकाची मागची बाजू जळून कोळसा झाली होती. ‘बाहेरचा माणूस’ म्हटलं की कंपनी का बिचकते, त्यात थोडं तथ्य आहे.

रेवा_सदाशिव
फ्यूज त्याच रेटिंगचा आहे, मी आकडा वाचून घेतला होता. पण तुमचं म्हणणं पटलं. तार लावली असती तर मला कळलंही नसतं.

काळाकोट
रेवाताई, शनिवार आहे, सविस्तर लिहितो. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

वॉरंटी कार्ड म्हणजे कायदा नव्हे, करार. त्यात काय लिहिलंय ते आधी वाचा. बहुतेक कार्डांवर ‘अनधिकृत व्यक्तीने दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द’ असं वाक्य असतं. पण कराराच्या वर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र कल्पना आली, १९८६ च्या कायद्यात ती नव्हती. गोची अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. म्हणून साध्या प्रकरणात आम्ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा असं मांडून जिल्ह्यातच दाखल करतो.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा निकाल वॉशिंग मशीनचा नाही, मोटारींचा आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, हे कारण. दंडाच्या आकड्यावर पुढे अपिलं झाली, ती वेगळी कथा. पण त्या आदेशात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे: बाहेरून दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारा. तो आदेश स्पर्धा कायद्याखालचा, त्या कंपन्यांपुरता. तुमच्या मशीनला आपोआप लागू होत नाही. पण तर्क तोच आहे आणि आयोगापुढे मी तोच मांडेन: बोर्डच्या दुरुस्तीमुळे मोटर गेली, हे म्हणणाऱ्याने दाखवावं.

आता जे करायचं ते. त्या मुलाने तोंडी सांगितलं की जॉब शीटवर लिहून दिलं?

रेवा_सदाशिव
जॉब शीटवर एवढंच आहे: ‘पीसीबी (म्हणजे बोर्ड) उघडलेला. ग्राहकाने एस्टिमेट नाकारले.’ मोटरबद्दल अक्षर नाही.

काळाकोट
झालं तर मग. तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद तोच. मोटर तपासल्याची नोंदच नसेल तर ती कशामुळे गेली हे कोण सांगणार? ईमेल करा आणि दोनच प्रश्न विचारा: मोटरमध्ये कोणता दोष आढळला, आणि बोर्डच्या दुरुस्तीचा त्याच्याशी काय संबंध. लेखी उत्तर मागा. राग, उपहास, ‘तुम्ही लुटारू’ वगैरे काही नको. ते ईमेल उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत, असं समजून लिहा.

उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते कोर्ट नाही, निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीच्या वेगळ्याच टेबलावर जाते. त्यापुढे जिल्हा आयोग. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही जिथे राहता तिथेच दाखल करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं. २०२५ च्या जानेवारीपासून ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन होतं. समोरच्याला उत्तराला तीस दिवस, फार तर वर पंधरा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलंय, पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतो ते विचारू नका, माझा धंदा त्यावर चालतो.

डायलटोन
वकीलसाहेबांचं लिखाण वाचनीय. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पूर्ण सर्किट डायग्राम चिकटवलेला असे. कुठल्या टोकाला किती व्होल्ट हवेत तेसुद्धा. कंपनीने गृहीतच धरलं होतं की हा कधीतरी बिघडणार आणि कुणीतरी उघडणार. आता मोबाइल उघडायला स्क्रू पण दिसत नाही.

पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा भांडण वजन-मापाचं, भेसळीचं, साखर-तेलाचं होतं. तेव्हा फसवणूक तागडीत दिसायची. आताची कुठे दिसणार?

राळ_आणि_शिसं
डायलटोन काका, भावना पोचल्या, पण एक सुधारणा. मी सांगलीत गेली सतरा वर्षं हेच काम करतो, त्यामुळे जरा अधिकाराने बोलतो.

त्या रबराला (आम्ही पॉटिंग म्हणतो) सगळे शिव्या देतात, की दुरुस्ती होऊ नये म्हणून ओतलं. अर्धं खरं. वॉशिंग मशीनचा बोर्ड बाथरूममध्ये, दमट हवेत, साबणाच्या वाफेत राहतो. ते रबर नसतं तर पहिल्या पावसाळ्यात ट्रॅकवर हिरवं चढलं असतं. झुरळं तर विचारू नका, बोर्ड कोमट असतो, त्यांना आवडतो. पाल बोर्डच्या दोन टोकांवर आडवी होऊन मेलेली मी किमान तीसदा बघितली आहे, एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये. त्यामुळे पॉटिंग हवंच.

खरी कुलपं वेगळी आहेत. एक म्हणजे प्रोग्रॅम. मुख्य आयसी कंपनीने लॉक केलेली असते. ती गेली तर कोरी आयसी बाजारात साठ रुपयांना मिळेल, पण आतला प्रोग्रॅम कुठून आणू? मग भंगारातून तशाच मॉडेलचा बोर्ड आणायचा आणि त्यावरची काढून इकडे बसवायची. दुसरं, मोबाइलमध्ये आता पार्टची जोडी लावतात. अस्सल स्क्रीन, त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसऱ्या फोनवरून काढून लावली तरी फोन ओळखतो की ही माझी नाही, आणि काही सोयी बंद करतो किंवा सारखी सूचना दाखवतो. माझ्या हाताची चूक काहीच नसते, पण गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. याला कुठली राळ लावू?

मन्या_म्युनिक
पार्टच्या जोड्यांवर अमेरिकेत ओरेगन राज्याने बंदी आणली, कायदा २०२४ चा. इकडे युरोपात २० जून २०२५ पासून नव्या फोन आणि टॅबलेटसाठी नियम आहेत: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे, बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे. फ्रान्समध्ये तर २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापतात, दहापैकी इतके.

हे सगळं छान. पण वस्तुस्थिती ऐका. आमचा भारतातून आणलेला मिक्सर बंद पडला. इथे दुकानदाराने उघडायचेच जे पैसे सांगितले त्यात नवा मिक्सर आला असता. शेवटी डिसेंबरच्या सुट्टीत बॅगेत घालून दादरला नेला. कार्बन ब्रश झिजले होते. बदलून मिळाले, वर त्याने कपलर फुकट बदलून दिला. ते दोन कार्बन मी आठवण म्हणून ठेवलेत. इकडे कायदा आहे, काका नाहीत. तुमच्याकडे काका आहेत.

वाशिष्ठीकाठ
काका आमच्याकडे पण होते म्हणून निभावलं. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. आमच्या तळमजल्यावर माझ्या गळ्यापर्यंत पाणी. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. सगळ्यांनी सांगितलं टाकून दे. ओळखीचा एक पोरगा आला. त्याने आधी पाइप लावून सगळा गाळ स्वच्छ पाण्याने धुवायला लावला. मी म्हटलं, अरे अजून पाणी? तर म्हणे, गाळ वाळला तर तोच ओल धरून बसेल, स्वच्छ पाणी सुकून जातं. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्यात पाणी गेलंच नव्हतं. रिले आणि ओव्हरलोड बदलला, गॅस तसाच. फ्रिज अजून चालू आहे, फक्त खालच्या ट्रेला वास येतो, तो माझ्या नवऱ्यालाच येतो.

वॉरंटी पुराला नसते हे ठाऊक होतं. घराचा विमा होता. सर्वेअरने प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर मागितला. स्टिकर गाळाने पुसून गेलेले! तेव्हापासून नवीन वस्तू आली की मागच्या स्टिकरचा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करते. बिलाची शाईपण दोन वर्षांत उडते, तो पांढरा कागद घेऊन कुठे भांडणार?

अनुजा_ठाणे
विषय थोडा वळवते. मशीनमध्ये फार तर मोजे असतात, फोनमध्ये आख्खं आयुष्य. स्क्रीन बदलायला दिला तेव्हा दुकानातल्या मुलाने पॅटर्न मागितला, ‘टच चेक करायला’. मी नाही दिला, तर त्याचं तोंड असं झालं जणू मी त्याला चोर म्हटलं. शेवटी म्हणाला, तुमच्यासमोर तुम्हीच उघडा. तिथेच बसले, दीड तास. काचेच्या कपाटात लोकांचे फोन ओळीने, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर पेनने नाव, बिघाड आणि पॅटर्न. नऊ ठिपके काढून बाण! आख्ख्या गल्लीचे पासवर्ड भिंतीवर टांगल्यासारखे.

राळ_आणि_शिसं
ताई, ती चिकटपट्टी आमच्याकडेही आहे, खोटं कशाला बोलू. पण स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग जॅक यासाठी पॅटर्न लागत नाही. टच, स्पीकर, कॅमेरा तपासायचा तर बऱ्याच नव्या फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, मेंटेनन्स किंवा रिपेअर नावाचा. तो चालू करून दिला की मला रिकामा फोन दिसतो, तुमचे फोटो नाही. सेटिंगमध्ये शोधा. सिम आणि कार्ड काढून घ्या. आणि माझ्या चिठ्ठीवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून घ्या, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केला की दिसतो. घरी गेल्यावर परत तोच आहे ना बघा.

काळाकोट
आयएमईआयचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, भर घालतो. मेन बोर्डच बदलला तर नंबर बदलतो. तो बोर्ड चोरीच्या फोनमधला निघाला तर पोलिसांचा फोन तुम्हाला येईल, दुकानदाराला नाही. संचार साथी पोर्टलवर किंवा १४४२२ वर केवायएम (KYM), मध्ये एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस करून बघता येतं. नंबर खोडून दुसरा टाकणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सरळ गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दुकानातल्याने परवानगीशिवाय फोनमधलं काही बघितलं, कॉपी केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६. खाजगी फोटो पसरवले तर ६६ई. पॅटर्न तुम्ही स्वतः दिला म्हणजे फोटो बघायची परवानगी दिली असं होत नाही. स्क्रीन बदलायला दिलाय, अल्बम चाळायला नाही.

झंपी
वकीलकाका, आमच्याकडे आलेला एक टेक्निशियन ‘बिल नको, कॅश द्या, निम्म्यात करतो’ म्हणाला, त्याचा कॉल रेकॉर्ड आहे माझ्याकडे. फोन हँग होतोय, रीसेट मारणार आहे. रेकॉर्डिंग क्लाउडवर टाकून ठेवू का?

काळाकोट
रीसेट मारू नका! ज्या फोनमध्ये रेकॉर्ड झालं तो फोन हाच मूळ पुरावा. तो हजर केला तर काम सोपं. कॉपी दाखवायची तर प्रमाणपत्र लागतं, आधी पुरावा कायद्याचं ६५बी, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने निस्तरला तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, जुलै २०२०. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं.

अर्थात पाचशे रुपयांच्या भांडणात आयोग इतका कीस पाडत नाही. पण सवय चांगली.

स्क्रूड्रायव्हर
झंपीताई, ‘बिल नको’ला हो कोण म्हणालं शेवटी?

झंपी
पुढचा प्रश्न.

स्क्रूड्रायव्हर
हेच म्हणायचं होतं. कंपनीकडून जॉब शीट पाहिजे, लेखी कारण पाहिजे, जुना पार्ट पाहिजे. गल्लीतल्या माणसाकडून यातलं एकही कुणी मागत नाही. रेवाताई, काकांनी बिल दिलं?

रेवा_सदाशिव
...नाही. वहीचं पान फाडून त्यावर ११०० लिहून दिलं. ते पण मी फ्रिजवर लावलं होतं, कुठे गेलं माहीत नाही.

काळाकोट
म्हणजे काकांचं काम चुकलं असतं तर तुमच्याकडे शून्य. आणि आज कंपनीने विचारलं की बोर्डवर नेमकं काय केलं, तर सांगायला काही नाही. उद्याच जा आणि काय बदललं ते लिहून आणा, पार्टच्या नंबरांसकट.

राळ_आणि_शिसं
मी चिठ्ठी देतो. काय बदललं, किती दिवसांची हमी (तीस), सही. गिऱ्हाईक ती घडी घालून पाकिटात ठेवतं आणि पाकीट बदललं की फेकतं. जुना पार्ट छोट्या पिशवीत घालून देतो, तो मात्र लोक न्यायला तयारच नसतात. "काय करू घेऊन?" अहो, तुमच्या पैशाचं काय झालं ते बघा ना.

मन्या_म्युनिक
भारतात दुरुस्तीच्या हक्काचा कायदा येणार होता ना? पोर्टल आलं होतं एक.

काळाकोट
पोर्टल आलं, २४ डिसेंबर २०२२ ला. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं. कंपन्यांनी मॅन्युअल, सर्व्हिसचे दर, वॉरंटीची माहिती एका जागी टाकायची. दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकावर समिती बसली, तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. पण सुटे भाग आणि डायग्राम द्यायलाच हवेत असं सांगणारा स्वतंत्र कायदा अजून नाही. कंपनीने पोर्टलवर काय टाकलंय ते मात्र नक्की बघा. सुट्या भागाची किंमत तिथे एक आणि घरी आलेल्या मुलाच्या तोंडी दुसरी निघाली तर तो तुमचा फायदा.

रेवा_सदाशिव
अपडेट १. काकांकडून लिहून आणलं. त्यांनी पार्टचे नंबर लिहिले, खाली सही केली आणि म्हणाले, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मागितलं." ईमेल पाठवला, दोनच प्रश्न. चार दिवसांनी उत्तर: ‘कंपनीच्या धोरणानुसार’ वगैरे. मग १९१५. आज एका बाईंचा फोन आला, अतिशय गोड आवाज, ‘आमचे सीनियर इंजिनीअर भेट देतील, व्हिजिट चार्ज लागणार नाही.’

झंपी
गोड आवाज म्हणजे धोक्याची घंटा.

रेवा_सदाशिव
अपडेट २. हे लिहिताना मला हसू येतंय आणि थोडी लाजही वाटतेय.

सीनियर आले. पन्नाशीचे, चष्मा गळ्यात दोरीने लटकवलेला. मशीन पुढे ओढलं, मागचं कव्हर काढलं आणि या माणसाने मीटर बाहेर काढला! मोटरच्या तीन टोकांना लावून तिन्ही आकडे मला दाखवले, सारखे. "मोटर ठणठणीत आहे." मग आडवे होऊन टॉर्च मारला आणि म्हणाले, "या बघा."

मोटरपाशी एक सेन्सर असतो, ड्रम कुठे आहे ते बोर्डला सांगणारा. त्याच्या बारीक वायरींचा जुडगा खालून जातो. त्यातल्या दोन कुरतडलेल्या. खाली काळ्या लेंड्या आणि कापडाच्या चिंध्या. माझ्या हरवलेल्या पायपुसण्याचा एक कोपरासुद्धा.

बोर्डला सेन्सरचा निरोप मिळेना, म्हणून तो एरर देत होता आणि ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाने तो वाचून मोटर गेली म्हणून सांगितलं. ना काकांची चूक, ना मोटरची, ना बोर्डची. मी दोन आठवडे कायद्याची कलमं पाठ करत होते आणि खाली उंदीरमामा संसार थाटून बसले होते.

उंदीर वॉरंटीत बसत नाही, हे मलाही मान्य. त्यांनी वायरी सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, ४१३ रुपयांचं बिल केलं. मी जॉब शीट पुढे केली आणि त्यांनी काय लिहायचं ते सांगितलं. थोडे कुरकुरले, मग लिहिलं: ‘वायर उंदराने कुरतडलेली, जोडून दिली. मोटर तपासली, दोष नाही. मोटरची वॉरंटी चालू.’ शिक्का, सही, तारीख. फोटो काढून स्वतःला मेल केला, वाशिष्ठीकाठताईंचं ऐकून.

काळाकोट
‘मोटरची वॉरंटी चालू’ या तीन शब्दांसाठी मी लोकांना वर्ष-दीड वर्ष फेऱ्या मारताना बघितलंय. अभिनंदन.

झंपी
उंदराला प्रतिवादी करता येईल का?

काळाकोट
नोटीस बजावायला पत्ता लागतो. तो बदलला असेल एव्हाना.

स्क्रूड्रायव्हर
ऑगस्टमधल्या पोराने कव्हर काढलं असतं तर त्यालाच दिसलं असतं. पण त्याचा त्या दिवशीचा सातवा कॉल असेल.

वाशिष्ठीकाठ
रेवाताई, मशीनच्या तळाला जाळी लावून घ्या. आमच्याकडे घुशी आहेत, मी सगळ्याला लावली आहे. कुठली घ्यायची ते राळदादा सांगतील.

राळ_आणि_शिसं
हार्डवेअरच्या दुकानात जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) वेल्डेड जाळी मिळते. पाव इंची भोकाची घ्या, अर्ध्या इंचीतून पिल्लू आरामात शिरतं. प्लास्टिकची घेऊ नका, ते खातात. तळाच्या मापापेक्षा दोन-दोन इंच जास्त कापा, कडा आत दुमडा, नाहीतर पुसताना हात कापेल. तळाच्याच स्क्रूंमध्ये वॉशर घालून बसवायची, नवीन भोकं पाडायची नाहीत. पाण्याच्या पाइपच्या भोकातून पण येतात, तिथे काथ्या कोंबू नका, स्टीलचा घासणीचा गोळा कोंबा. आणि बसवायच्या आधी प्लग काढा, हे सांगावं लागतं.